चोवीस तासांचा कॅन

रविवार, १३ जुलै १९९७

कबूल करतो. ही वही मार्चपासून माझ्याकडे आहे आणि आज पहिल्यांदा उघडली. अक्कानं दिली होती. औषध कंपनीची डायरी, दवाखान्यात कुणी तरी तिला फुकट दिलेली. प्रत्येक पानाखाली कसल्या तरी खोकल्याच्या सिरपचं नाव. "किट्टी, तू लिहीत जा. रिकामा बसलास की तुला पाय फुटतात," म्हणाली. मी "सरी", म्हणजे बरं, म्हटलं नि पिशवीत टाकली. मग रोज उद्यापासून. चार महिने उद्या!

आज का उघडली? भीती वाटतेय म्हणून. दुसरं कारण नाही.

मराठीतच लिहिणार. कन्नडात लिहिलं तर दाजी वाचतील. दाजी चौथीपर्यंत शिकले, तेही कन्नड शाळेत. घरात आम्ही सगळे मराठी बोलतो, पण ही लिपी फक्त अक्काला नि मला येते. आमच्या आजोबांनी तिला शिकवली, तिनं मला. शाळा मी नववीत सोडली, तेव्हा चुका असणार. असोत. कोण बघायला बसलंय.

अक्का म्हणजे राजलक्ष्मी, माझी थोरली बहीण, एकतीस वर्षांची. आई-वडील आता नाहीत. बंगळुरात असलो की मी तिच्याच घरी, चिकपेटेत, खाली दाजींचं शिलाईचं दुकान, वर माडी. दाजी, विठोजीराव, शाळांचे युनिफॉर्म शिवतात. त्यांची आई अहल्याबाई, तिला सगळे अत्ते म्हणतात. एवढीच माणसं. मी मधेमधे. सहा वर्षांत कुरिअर झालं, गोव्यात हॉटेल झालं, होस्पेटला एका केळीवाल्याकडं झालं. मार्चमध्ये तिथंच होतो तेव्हा दाजींचा फोन. "अक्काच्या गळ्याचं ऑपरेशन आहे. ये."

गळ्याचं! खडे व्हायचे किडनीत, कापणार गळा! मला वाटलं दाजींना कुणी तरी गंडवलं.

पण डॉक्टर पद्मनाभांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. गळ्यात मागच्या बाजूला चार ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. रक्तात कॅल्शियम किती हवं ते त्या ठरवतात. अक्काची एक माजली. हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात सोडत बसली, आणि रक्तातलं जाऊन किडनीत साचलं. म्हणून चार वर्षांत पाच वेळा खडे. म्हणून कुकर उचलताना मनगट मोडलं. दोनदा दिवस राहिले नि तिसऱ्या महिन्यात सगळं गेलं, तेही कदाचित म्हणूनच.

काढलेली ग्रंथी बाटलीत घालून दाखवली. चिंचोक्याएवढी! एवढ्याशा वस्तूनं आख्खं घर हलवलं.

मग उलटंच झालं. उपाशी हाडांनी रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतलं, अक्काच्या ओठांत मुंग्या, बोटं वाकडी. दोन दिवस शिरेतून कॅल्शियम. डॉक्टर कानापुढं गालावर बोटानं टकटक करून बघायचे, ओठ उडला तर कॅल्शियम कमी. अत्तेनं ते बघून ठेवलं. आता देवाला फुलं वाहून झाली की अत्ते रोज अक्काच्या गालावर टकटक करते. "नाही उडला. घे कॉफी."

डॉक्टर म्हणाले होते, "पुढची नासाडी थांबली. जे गेलं ते परत येईलच असं नाही. आहे ते टिकलं तरी आपण जिंकलो." किडनी एका मिनिटात किती रक्त धुते ते मोजतात. अक्काचा आकडा ऑपरेशनच्या आधी चोपन्न होता. महिन्यानं बावन्न. धडधाकट माणसाचा शंभराच्या आसपास.

आणि म्हणाले होते, सहा महिने दिवस राहू देऊ नका.

राहिले. नववा आठवडा.

डॉक्टर आधी चिडले, मग बोटांवर आठवडे मोजले. "पुन्हा तपासू. चाळीसच्या वर असेल तर सांभाळू या, मी आहे. तीसच्या खाली असेल तर..."  अक्कानं विचारलं, "तर?" "तर मूलही राहणार नाही आणि तुमची किडनीही. बारा आठवड्यांच्या आत मोकळं व्हायला लागेल."

या आठवड्यात ती तपासणी. तपासणी काय माझी नाही, तरी मी वही काढून बसलोय!

मंगळवार, १५ जुलै

लॅबातून कॅन आणला. पांढरा, पाच लिटरचा. खिडकीतल्या बाईनं नियम सांगितला. उद्या सकाळी सातची पहिली लघवी टाकून द्यायची. त्यानंतर दिवसभरातली, रात्रीची, प्रत्येक वेळची कॅनमध्ये. परवा सकाळी सातची शेवटची घातली की बूच लावून आणायचा. आणि म्हणाली, "थोडी सांडली तरी सांगा. पुन्हा करता येते. लपवू नका फक्त."

घरी अत्तेनं कॅन बघितला नि डोक्यालाच हात लावला. "हे रस्त्यानं न्यायचं? चिकपेटेतून? आतलं सगळं दिसतंय की! अय्यो, सगळी पेठ विचारेल."

दाजी उठले. खाली गेले. अर्ध्या तासानं वर आले ते खाकी कव्हर घेऊन! शाळेच्या चड्डीचं कापड, तळाला दुहेरी शिलाई, तोंडाला नाडी, खांद्याला पट्टा. कॅन आत घातला, नाडी ओढली. फक्त खाकी बोचकं. दाजी म्हणाले, "कुणी विचारलं तर तूप म्हणून सांग."

अक्का म्हणाली, "तूप म्हटलं तर कुणी तरी वाटीभर मागेल."

पुष्कळ हसलो. अत्तेसुद्धा. बऱ्याच दिवसांनी.

बुधवार, १६ जुलै

सकाळी सातला सुरू. अक्का प्रत्येक वेळी कॅनवर बॉलपेननं रेघ मारते नि बाजूला वेळ लिहिते. ९.४०. ११.१५. १.०५. रेघ वर चढतेय. शाळेत असताना वहीला समास आखायची, तशीच सरळ.

समोरच्या माडीवर कुणी पोपट आणलाय. कन्नडात शिव्या देतो. दोन तास तिथंच गेले.

गुरुवार, १७ जुलै

कॅन पोचवला. झालं.

शुक्रवार, १८ जुलै

काल खोटं लिहिलं. म्हणजे खोटं नाही, पण... वहीला फसवून काय मिळणार?

सकाळी साडेआठला निघालो. सायकलच्या हँडलला पट्टा अडकवलेला. अक्कानं गॅलरीतून सांगितलं, "सरळ जा रे. कुठं थांबू नकोस." मी हात केला.

कोपऱ्यावर लॉरी उभी होती. गुजरातची नंबरप्लेट. ड्रायव्हर लॉरीच्याच आरशात बघून दाढी करत होता, गळ्याला फेस. कल्लाप्पा नाव, हुबळीचा. मी म्हटलं, गुजरातेत कुठं? म्हणाला, कांडला बंदर. तिथं मीठ असतं, डोळे पुरणार नाहीत एवढं, पांढरं, दुपारी बघवत नाही. आणि जहाजं! मी सायकल भिंतीला लावली. बोलता बोलता म्हणाला, "क्लीनर पळालाय माझा. येतोस? आता नाही, पुढच्या खेपेला, पुढच्या आठवड्यात. शनिवारी." मी म्हटलं, विचार करतो. विचार काय करायचा होता? मनात मी केव्हाच निघालो होतो.

मागं धप्प आवाज झाला.

सायकल आडवी. खाकी बोचकं गटाराच्या कडेला. बूच बसलंय का ढिलं आहे ते वरून दिसायचंच नाही, कव्हर होतं ना! कापडाचा रंग एका बाजूनं गडद व्हायला लागला तेव्हा कळलं. नाडी सोडेपर्यंत... नाडीला दाजींची गाठ...  बाहेर काढला तेव्हा सगळ्यात वरची रेघ कुठं नि पाणी कुठं. अर्धं गेलं असेल. अर्ध्याहून जास्त? नाही सांगता येत.

मला घरी जाता आलं असतं. लॅबात सांगता आलं असतं. बाई म्हणालीच होती.

पण मी अत्तेचा आवाज ऐकला, कानातच. "याला काय सांगायचं! याच्या चपलासुद्धा दाराकडं तोंड करून असतात." आणि अक्का काही न बोलता पुन्हा सातपासून सुरू करेल, ते तिचं न बोलणं.

देवळाबाहेरचा नळ होता. कॅन नळाखाली धरला. वरच्या रेघेपर्यंत भरला. अक्काच्या रेघेपर्यंत, बरोबर. इतकं नीट काम मी जन्मात केलं नसेल.

लॅबातल्या बाईनं विचारलं, "पूर्ण चोवीस तास?"

"हो," म्हणालो.

शनिवार, १९ जुलै

कव्हर धुवायला काढताना अक्कानं विचारलं, "हे एवढं ओलं कसं झालं रे?"

"नळावर हात धुतले. उडालं असेल."

"एवढं?"

मी पोपट बघायला गेलो.

रिपोर्ट आला. सव्वीस.

रविवार, २० जुलै

 दाजींनी दुकान उघडलं, रविवार असून. मशीनचा आवाज नुसता. अत्तेनं सकाळी अक्काच्या गालावर टकटक केली, ओठ नाही उडला, पण "घे कॉफी" म्हणाली नाही. हात तसाच गालावर ठेवून बसली.

 भाताचं ताट तसंच झाकून ठेवलं.

मी स्वतःला सांगतोय, पाणी घातलं तर काय एवढं? आकडा थोडा इकडंतिकडं. बावन्नाचे सव्वीस माझ्या पाण्यानं कसे होतील? म्हणजे किडनी खरंच गेली असणार. म्हणजे माझी चूक नाही. हे सांगून बरं वाटायला हवं होतं. आणखीच घाबरलो.

सोमवार, २१ जुलै

डॉक्टरांकडं चौघंही गेलो. दोन रिक्षा.

डॉक्टर बराच वेळ कागद उलटसुलट करत होते. "किडनीनं बाहेर टाकायची घाण, क्रिएटिनिन, ती रक्तात तर आधीपेक्षा कमी आहे," ते म्हणाले.

दाजी एकदम पुढं सरकले. "म्हणजे चांगलं ना, सर?"

"एरवी म्हटलं असतं. पण पोटात मूल असलं की रक्तातला आकडा आपोआप खाली दिसतो. त्याच्यावर जाता येत नाही. या वेळी लघवीवरच भरवसा." मग भुवया वर करून अक्काकडं बघितलं. "तरी लघवीतून पडलेलं फारच कमी आहे. तुम्ही बारीक आहात, हाडं झिजलेली, मांस कमी, म्हणून असेल... चोवीस तास पूर्ण जमवलं होतं ना?"

"एकही चुकवली नाही," अक्का म्हणाली. "वेळा लिहून ठेवल्यात."

"आणून कुणी दिलं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. भिंतीवर किडनीचं चित्र होतं, लाल-निळ्या नळ्या. मी त्या नळ्या मोजायला लागलो.

"काही सांडलं वगैरे? वाटेत?"

"नाही, सर."

दुसऱ्यांदा विचारलं. "नक्की?"

"नक्की."

मला वाटतं पृथ्वीवर इतका सोपा प्रश्न कुणी कुणाला विचारला नसेल. आणि मी!

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. हळू आवाजात अक्कालाच सांगितलं, बाकीच्यांना नाही. "हा आकडा खरा असेल तर माझा सल्ला एकच. निर्णय तुमचा. पण दिवस कमी आहेत." शनिवार, सव्वीस तारीख, सकाळी नऊ. गर्भ काढून पोट मोकळं करायचं.

अक्कानं एवढंच विचारलं, "सकाळी उपाशी यायचं का?"

संध्याकाळी. मी एक गोष्ट करून बघितली. डॉक्टर म्हणाले होते, लघवीत मीठमाती किती नि लघवी किती, दोन्हींचा गुणाकार करून हिशेब काढतात. मी तांब्यात साखरेचं पाणी केलं. दोन पेले. एक ओतून दिला. उरलेल्यात साधं पाणी घालून पुन्हा दोन पेले केले. चाखलं. पाणी तेवढंच, साखर अर्धी.

बावन्नाचे अर्धे सव्वीस.

मोरीतच बसून राहिलो.

मंगळवार, २२ जुलै

सकाळी ठरवून उठलो की अक्काला सांगायचं. ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "अक्का..." ती म्हणाली, "काय रे?" मी म्हटलं, "सायकलला हवा भरून येतो."

आणि सायकल मारत मारत पार बेळ्ळंदूरच्या तळ्यापर्यंत गेलो. काय काम होतं तिथं? काही नाही. म्हशी पाण्यात, फक्त नाकं वर. एक बाई पालकाच्या जुड्या धूत होती. म्हटलं हिला सांगावं, ही कोण कुठली, हिला सांगून सराव करावा. ती म्हणाली, "स्वल्प बाजूला हो, सावली पडते." बाजूला झालो. परत आलो. तीस किलोमीटर तरी झाले असतील.

एक भीती आणखी आहे, ती इथंच लिहितो. समजा सांगितलं. समजा पुन्हा चोवीस तास जमवलं. आणि आकडा पुन्हा सव्वीसच आला तर? किती सांडलं मला कुठं ठाऊक आहे! मग मी तिला दोनदा मारलं असं होईल, एकदा खोटं बोलून आणि एकदा आशा दाखवून.

हे खरं कारण आहे का पळवाट? कळत नाही. माझी खरी कारणं नि पळवाटा एकाच रस्त्याला लागतात.

बुधवार, २३ जुलै

अक्काला नाही जमत तर दाजींना सांगू म्हणून खाली दुकानात गेलो. दाजी बाह्या कापत होते. शेजारी स्टूल ओढलं. मला वाटलं आता बोलतोच.

तेच आधी बोलले. कात्री चालूच. "किट्टी, एक सांगायचं होतं."

मेलो, म्हटलं. यांना कळलं.

"त्या दिवशी तू कॅन नेलास ते बरं केलंस. मला खरं तर लाज वाटत होती. बायकोची लघवी घेऊन जायची तर लाज! म्हणून कव्हर शिवलं." थोडं थांबून, "तू नाही लाजलास. मनात ठेवलंय मी."

खडूनं कापडावर रेघ मारली आणि पुन्हा कापायला लागले. डोळ्यांतलं पाणी बाहीनं पुसलं, ती बाही कुठल्या तरी पोराच्या शर्टाची होती, तशीच गठ्ठ्यात टाकली.

मी उठलो. पायऱ्या चढताना दोनदा थांबलो. नाही गेलो परत.

दुपारी कल्लाप्पा भेटला. लॉरी होसूर रोडला लावलीय. शनिवारी सकाळी सहाला चंदापूर क्रॉसवरून, आनेकलच्या फाट्यावरून, निघणार, आधी सेलमला माल टाकून मग वर कांडला. "क्रॉसवर उभा राहा. हॉर्न मारतो. नसलास तर थांबणार नाही."

गुरुवार, २४ जुलै, सकाळ

अक्का देवळात गेलीय, अत्तेबरोबर.

तोंडानं होत नाही. पान लिहिलं. सगळं लिहिलं: लॉरी, कल्लाप्पा, गटार, नळ, रेघेपर्यंत पाणी, डॉक्टरांना दोनदा नक्की म्हणालो ते. साखरेच्या पाण्याचंही. शेवटी लिहिलं, पुन्हा जमव, अक्का. आणि शनिवारपर्यंत आनेकलला हंबीररावाकडं आहे, गणपतीच्या देवळामागं, खोक्यांच्या कारखान्याला लागून. पुढं कुठं जाणार ते लिहिलं नाही.

पान फाडून कॅल्शियमच्या गोळ्यांच्या डब्यात घातलं. दिवसातून तीनदा उघडते तो डबा. दुसऱ्या कुणाच्या हाती लागलं तरी वाचता येणार नाही. केवढी हुशारी!

पिशवी भरायला पाच मिनिटं लागली. नेहमी तेवढीच लागतात.

त्याच दिवशी, संध्याकाळ, आनेकल

हंबीरराव कुरिअरमध्ये माझ्याबरोबर होता. आता इथं पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात. मला बघून म्हणाला, "काय रे, कुणाचं काय मोडून आलास?" गंमत करत होता. मी हसलो नाही, तसं त्यानं बसायला खोकं पुढं केलं.

त्याच्या खोलीत सगळीकडं कोरी खोकी. एकावर बसून दुसऱ्यावर वही ठेवून लिहितोय.

तिनं दुपारची गोळी एक वाजता घेतली असणार. म्हणजे वाचलं असणार.

शुक्रवार, २५ जुलै, सकाळ

काहीच नाही. कुणी आलं नाही. दाजी आले असते तर बरं झालं असतं, मारलं असतं. कान बसच्या हॉर्नकडं.

दहाला एसटीडी बूथवरून दुकानात फोन लावला. दाजींनी उचलला.

"हलो? विठोजी टेलर्स."

अगदी नेहमीचा आवाज. मागं मशीन चालू.

"हलो? कोण बोलतंय? हलो?"

ठेवला. म्हणजे त्यांना माहीत नाही. म्हणजे अक्कानं सांगितलं नाही. का? डबा उघडला नाही? वाचून चुलीत घातलं? माझं नाव झाकायला गप्प बसली? तसं असेल तर... तसं ती करू शकते. मी लहानपणी काच फोडली तर छडी खायला स्वतःचा हात पुढं करायची ती.

उद्या नऊ.

बूथवाल्याला म्हटलं, अजून एक फोन. डॉक्टरांच्या दवाखान्यात लावला. बाई म्हणाली, डॉक्टर आज म्हैसूरला, उद्या सकाळी आठला येतील, काही निरोप?  "हलो? निरोप आहे का?" मागं लोक फोनसाठी थांबले होते. एकजण म्हणाला, "अण्णा, बोला नाही तर सोडा."

सोडला.

आता इथं बसलोय. समोर दोन रस्ते नाहीत, एकच आहे, चंदापूर क्रॉस, सहा वाजता. मीठ, जहाजं. डोळे मिटून मीठ बघायचा प्रयत्न केला. पांढरा कॅनच दिसतो.

शुक्रवार, दुपारी चार

अक्का आलीय!

एकटी, बसनं, आनेकलला. चिकपेटेबाहेर कधी एकटी रिक्षानं गेली नाही ती! हंबीररावाच्या दारात उभी, घामाघूम, आणि कडेवर पोर घ्यावं तसा नवा कॅन. कव्हर नाही. पांढराफटक, उघडा, चतकोर भरलेला, रेघा दिसतायत. सातला सुरू. ८.५०. १०.३०. बस स्टँडचीसुद्धा रेघ आहे, १.२०.

"पळून आले," म्हणाली. "कसं पळतात ते तुलाच ठाऊक, म्हणून तुझ्याकडं."

काल तिनं माझं पान सगळ्यांना वाचून दाखवलं. अत्ते म्हणाली, "त्यात काय लिहिलंय ते आम्हाला थोडंच कळतं? तुला मूल हवं आहे, तू मनानं वाचतेस." दाजी रडले, म्हणाले, "तू गेलीस तर मी काय करू? शनिवारी दवाखान्यात जाऊ या." माझं अक्षर तिच्याशिवाय कुणालाच वाचता येत नाही. म्हणून ती मला न्यायला आलीय. डॉक्टरांपुढं तोंडानं सांगायला.

मी म्हटलं, आकडा पुन्हा तोच आला तर? ती म्हणाली, "तर तो माझा असेल. तुझ्या नळाचा नसेल."

सकाळी सातला शेवटची रेघ, मग दोघं डॉक्टरांपुढं. सहाला क्रॉसवर हॉर्न वाजेल, वाजू दे.

कॅन आता माझ्या मांडीवर आहे. बूच तीनदा तपासलं. पुन्हा तपासतो.